एक्स-रेवाल्या आत्याचं ऐक

पहिली गोष्ट, मोबाईल उशाखाली घेऊन झोपणं बंद कर. रात्री खोलीच्या त्या टोकाला ठेव, गजर तिथूनही ऐकू येतो. आणि जावईबापूंना सांग, पँटच्या पुढच्या खिशातला फोन बाहेर काढा म्हणावं. मी सांगितलं तर लाजतील, म्हणून तुझ्यामार्फत.

आता लगेच विचारशील, म्हणजे आत्या, मोबाईलने मूल होत नाही असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरंच का? तसं नव्हे गं. माझी सगळी नोकरी एक्स-रेच्या खोलीत गेली. छातीला बिल्ला लावून उभी राहायचे आणि अंगावर किती डोस आला ते त्या बिल्ल्यावरून मोजून यायचं. तेव्हा किरणांमधला फरक मला कळतो. एक्स-रे पेशीतला डीएनए तोडू शकतात. मोबाईलच्या, वायफायच्या लहरींत तेवढा दम नाही, त्यांनी ऊब येते हे नक्की. त्यापलीकडे त्या आणखी काही करतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीला आलेल्या जवळजवळ 2,900 तरुणांचं वीर्य तपासलं, निष्कर्ष 2023 मध्ये छापून आले. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत मिलिलिटरमागे 4 कोटी 45 लाख शुक्राणू आणि आठवड्यातून फार तर एकदा वापरणाऱ्यांत 5 कोटी 65 लाख. फरक आहे, नाही कशाला म्हणू? पण जागतिक आरोग्य संघटनेची खालची रेघ 1 कोटी 60 लाखांवर आहे, दोन्ही आकडे तिच्या बरेच वर. शिवाय फोन खिशात ठेवला की बॅगेत, याने त्या मुलांत फरक दिसला नाही. आणि दिवसभर फोनला चिकटलेली पोरं झोपतात कधी नि खातात काय, तेही बघायला नको?

मग खिशातून काढा असं का म्हणते? फुकट आहे म्हणून. आमच्याकडून तीन गोष्टी घोकून घेतल्या होत्या: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. फोनला पहिल्या दोन पुरतात. स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोल. रेंजची एकच काडी दिसत असली की टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो, म्हणून लिफ्टमध्ये किंवा कसारा घाटातल्या बोगद्यात लांबलचक गप्पा नकोत. तिसऱ्या गोष्टीच्या नावाखाली मात्र बाजारात लूट चालते. रेडिएशन शोषणारे स्टिकर, चिपा, कव्हरं, काही घेऊ नकोस. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेच लोकांना बजावलंय की असले अडसर लावले तर सिग्नल शोधायला फोन उलट जास्त शक्ती खर्च करू शकतो.

खरी काळजी लॅपटॉपची, आणि तीही लहरींसाठी नाही, उष्णतेसाठी. पुरुषाचे अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही. त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 29 पुरुषांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं. तिथलं तापमान 2.6 ते 2.8 अंशांनी चढलं. गंमत म्हणजे लॅपटॉपशिवाय नुसत्या मांड्या जुळवून बसल्यानेही 2.1 अंश चढलंच! तेव्हा मांडीवर उशी घेऊन भागत नाही, टेबल हवं आणि मधून मधून उठणं हवं. कडकडीत पाण्याच्या टबात तासन्‌तास बसणंही नको. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. सवय आज बदलली तर फळ तीन महिन्यांनी दिसेल. मधे डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला असेल, तर रिपोर्टवर त्याचीही सावली पडते.

तुझ्यासाठी निराळं. एक्स-रे काढायला गेलीस की पाळी चुकली आहे का, दिवस राहिलेत असं वाटतं का, हे विचारायची वाट न बघता सांगायचं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी सांगतील. त्यात एक्स-रे असतात, म्हणून ती पाळी संपल्यावर, बीज सुटायच्या आधी करतात. दिवस नीट मोजून वेळ घे. आणि दिवस राहिल्याचं समजायच्या आधी छातीचा एक्स-रे निघालाच, तर हातपाय गाळू नकोस. पोटापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. त्या धास्तीने गर्भ पाडायला निघालेल्या बायका मी पाहिल्यात, तू आधी डॉक्टरांना विचार. सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात.

इंडक्शन शेगडीवर शेगडीच्या गोलाएवढं, सपाट बुडाचं भांडं मधोमध ठेव आणि ओट्याला पोट टेकवून उभी राहू नकोस. दोन पावलं मागे सरलं की शेगडीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कमी होतं, जाळावरून हात मागे घेतल्यासारखं. समोरच्या गच्चीवरच्या टॉवरचा धसका सासूबाईंनी घेतलाय म्हणतेस. आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. तरी चैन पडत नसेल, तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागता येते.

सासूबाईंवर चिडू मात्र नकोस. 16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाला मी पोटुशी होते. माझ्या सासूबाईंनी मला दिवसभर काही चिरू-कापू दिलं नाही, खिडक्याही लावून घेतल्या. आणि सोमवारी डबा भरून एक्स-रेच्या खोलीत कामाला पाठवलं! तिथून ड्युटी मीच मागून बदलून घेतली.

आणखी एक. लहरी-बिहरींवर खापर फोडत वर्ष घालवू नका. तू पस्तिशीच्या आत असलीस तर वर्षभर, पुढे गेलीस तर सहा महिने वाट बघा, मग डॉक्टर. आणि पहिली तपासणी जावईबापूंच्या वीर्याची. सगळ्यांत स्वस्त, ना सुई ना कापाकाप, तरी आपल्याकडे ती शेवटी होते. तोवर बायकोच्या निम्म्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात. पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीला, साधारण निम्म्या जोडप्यांत सापडतं. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना घरून न्यायचा असेल तर तासाभरात लॅबला पोचवा, शर्टाच्या आत अंगाशी धरून. बर्फाच्या पिशवीत घालून नेणारेही मी पाहिलेत. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्या, एकावर निकाल लावू देऊ नका.