मुगावरील भुरी व निंबोळी अर्क

वऱ्हाडात निंबोळी अर्क म्हटला की कपाशीवरील अळ्या आणि मावा एवढेच डोळ्यांपुढे येते. हाच अर्क बुरशीलाही आवर घालतो, पण वेळ साधली तरच.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागात मूग-उडीद फुलोऱ्यावर असताना पावसाची उघडीप व ढगाळ हवा राहिली की भुरी दिसू लागते. प्रथम खालच्या पानांवर पांढरे ठिपके येतात. पुढे पीठ शिंपडल्यासारखे पान पांढरे होते, शेंगा पोसत नाहीत. मूग जेमतेम ६०-६५ दिवसांचा. आठवडा हातचा गेला की भरून निघत नाही.

बुरशीवर काम करते ते मुख्यतः निंबोळीतील तेल. पानावर पडलेले बीजाणू ते रुजू देत नाही. पसरलेला रोग मात्र त्याने बरा होत नाही. म्हणून पहिले ठिपके दिसताच फवारणी करावी. पाने पांढरी झाली असतील तर अर्काच्या मागे न लागता पाण्यात मिसळणारे गंधक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यातून फवारावे. दोन्ही एकत्र करू नयेत. अर्कानंतर गंधक वापरायचे झाल्यास दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने करपण्याचा धोका असतो.

पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवावा. साबणावाचून तेल पाण्यात मिसळत नाही. सकाळी पाणी दुधाळ होईपर्यंत ढवळून दुहेरी फडक्यातून गाळावे, साबणाचे पाणी घालून द्रावण १०० लिटर करावे व त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. काळ्या पडलेल्या, बुरसट निंबोळ्या घेऊ नयेत. बुरशीवर बुरशीचाच अर्क कशाला?

या गुणावर परदेशात पेटंटही घेतले गेले होते. अमेरिकेतील ग्रेस कंपनी व तेथील कृषी खात्याला कडुनिंबाच्या तेलावर आधारित बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट १९९४ मध्ये मिळाले. त्यावर हरकती आल्या. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये झालेल्या शेतचाचण्यांचा पुरावा तेथे मांडला गेला. पेटंट मे २००० मध्ये रद्द झाले व मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

पावसाळ्यात पायाला चिखल्या झाल्या म्हणून काही जण उरलेला अर्क चोळतात. तसे करू नये. तो वावरासाठी केलेला आहे; चिखल्या डॉक्टरांना दाखवाव्यात.