आजचे चिंतन : मोतीला घरात, बिबट्याला शेतात (गीता ५.१८)



आजचा श्लोक पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी लोक सारख्याच नजरेने पाहतात, असं भगवंत सांगतात. त्यावर लिहिताना माऊलींनी डास आणि हत्तीचाही दाखला दिला आहे.

वाचायला गोड वाटतं. पण नाताळच्या सुट्टीत आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी हा श्लोक जरा अवघड जातो. भाचरं पुण्याहून येतात. दिवसभर हुरडा, ऊस, शेकोटीसाठी काटक्या गोळा करणं, आणि मोती कुत्र्याच्या मागे पळणं. पण दिवस कलायला लागला की सगळे आत. मोतीसुद्धा. कारण बिबट्या!

यंदा आम्ही मुलांना जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला नेलं. माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. येताना नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, "आत्या, रेड्यात देव, मोतीत देव, मग बिबट्यात पण आहे ना? मग आपण दार का लावतो?" धाकटा म्हणाला, "त्याला पकडून लांब जंगलात सोडा की!"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्याकडे बिबट्याने माणसांचे जीव घेतलेत, लहान मुलांचेही. ज्या घरातलं मूल गेलं, त्यांना 'सगळ्यांत देव पाहा' असं आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून श्लोकातला शब्द नीट बघू. भगवंत 'समदर्शी' म्हणतात. दर्शन म्हणजे पाहणं. सगळ्यांशी एकसारखं वागा, असं तिथे म्हटलेलं नाही. आई तान्ह्याला दूध देते आणि मोठ्याला भाकरी. माया तीच, वाढणं वेगळं. तसंच मोतीला दाराच्या आत जागा हवी, लेकरांना सोबत हवी आणि बिबट्याला अंतर हवं. दार लावणं म्हणजे द्वेष नव्हे.

आता धाकट्याचा उपाय. तो इथे करून झालाय. २००१ पासून जुन्नर भागातले कितीतरी बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. त्यात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. नजरेआड केलं की प्रश्न संपतो, हा आपला भ्रम.

बिबट्याची बाजूही ऐका. उसाच्या दाट शेतात मादी पिल्लांना जन्म देते. हिवाळ्यात कारखाने सुरू होतात, तोडणी लागते आणि तिचं घर एका दिवसात मोकळं रान होतं. तोडणीत पिल्लं सापडली तर वनखात्याची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि बरेचदा आई येऊन घेऊन जाते. हे भाचीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ती पण आईच."

मला वाटतं, समदर्शन इथून सुरू होतं. भीती जात नाही. जायलाही नको! पण भीतीच्या पलीकडे एक आई दिसते.

आजची साधना

१. हिवाळ्यात या भागात फिरायला गेलात तर अंधार पडायच्या आत मुलांना घरात घ्या. उसाच्या कडेला एकटं बसू-वाकू देऊ नका. बोलत, बॅटरी घेऊन, सोबतीने चाला.

२. कुत्र्याला रात्री अंगणात बांधून ठेवू नका. बांधलेल्या जीवाला पळताही येत नाही.

३. पिल्लू दिसलं तर हात लावू नका, सेल्फी तर नकोच. वनखात्याला १९२६ वर कळवा.

४. शहरात असाल तर सोसायटीतल्या ज्या कुत्र्याची भीती वाटते, त्याच्याकडे आज एकदा लांबूनच, पण नीट पाहा. मनात म्हणा, तोच हरी.

माऊली!