अर्ध्या टाकीला बंद पडणारे इंजिन

माझ्या मॉडेल विमानाचे इंजिन ४६ साइजचे, म्हणजे साधारण साडेसात सीसीचे, ग्लो प्लगवर चालणारे. विमान, टाकी, जोडणी, सगळे एकाच दुकानातले. टेकऑफ झकास व्हायचा आणि थोड्या फेऱ्यांनंतर आवाज चिरका होऊन इंजिन हवेतच बंद पडायचे. पुढचे लँडिंग जिथे जमेल तिथे, बहुतेकदा ज्वारीच्या शेतात.

दुकानदाराचे उत्तर ठरलेले: "काका, तुमची नीडल लीन आहे. हात बसायला वेळ लागतो." लीन म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. नीडल, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई, उघडली की इंजिन धुराचा लोट काढत अडखळायचे, आणि तरी निम्म्या वाटेत तेच. मग म्हणे प्लग बदला. तोही त्याच्याचकडून घेतला. शेवटी तर दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत, "लीन चालवून लायनर खाल्लात तुम्ही" असा निकाल दिला. विमान हातात घेऊन बघायची तसदी मात्र एकदाही घेतली नाही.

मग मी विमान स्टँडला बांधले, पंख्याच्या मागे उभा राहिलो आणि नीडलला हात न लावता फुल थ्रॉटलवर चालू ठेवले. नजर इंधनाच्या पारदर्शक नळीवर. टाकी निम्मी होईपर्यंत काही नाही. मग नळीतून बुडबुड्यांची माळ सुरू झाली आणि आवाज तस्साच चिरका! टाकी पुन्हा भरली, बुडबुडे गायब. टाकीचे बूच काढले. आतली लोंबती नळी बुचाच्या पितळी नळीवर बसते, नेमकी तिथेच कापलेली. पितळेची धार घासलीच नव्हती. टाकी भरलेली असताना ती चीर इंधनात बुडलेली, निम्मी झाली की हवा ओढणार. आता यात माझ्या हाताचा काय संबंध?

म्हणून सांगतो. टाकी उतरत जाते तसे इंजिन किंचित लीन होतेच. पण भरल्या टाकीला ठणठणीत आणि निम्म्याला मरत असेल तर नीडल फिरवत बसू नका, आधी टाकी उघडा. लोंबती नळी बाहेर काढायची, एक टोक दाबून पाण्यात फुंकायची. टाकी फोममध्ये गुंडाळा, नाहीतर कंपनाने इंधन फेसाळते आणि बुडबुडे दिसून उगाच घोटाळा होतो. टाकीचा मध्य नीडलच्या पातळीपेक्षा जरासा खाली हवा.

नीडल तपासायची असेल तर फुल थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटा. वेग आधी थोडा चढून मग पडला तर ठीक, चढण्याऐवजी थेट पडला तर आधीच लीन आहे. नंतर विमानाचे नाक आभाळाकडे धरून बघा. तिथे आवाज बसला तर नीडल थोडी उघडा. इंधनाचा डबा घट्ट बंद ठेवा, त्यातले मिथेनॉल हवेतले पाणी ओढते. ते विषारी आहे, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

दुकानदाराला ती चिरलेली नळी दाखवली. "होतं असं कधीकधी," म्हणाला आणि वीतभर नवी नळी फुकट दिली. प्लगचे पैसे अर्थातच नाहीत. तयार जोडलेले विमान घेणार असाल तर विकणाऱ्याला टाकी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवून दाखवायला सांगा, आणि मगच पाकीट काढा.