लाटा हव्यात ना? मग आधी बॅरल बघ

तो गुलाबी ब्रश घेऊ नकोस गं बाई. चपटा आहे तो, केस सरळ करायचा. दुकानात सगळेच ‘हीट ब्रश’ म्हणून एका फळीवर मांडलेले असतात, त्यामुळे कुणीही फसेल. तुला हव्यात सैल, मोकळ्या लाटा. त्यासाठी बट कशाभोवती तरी गुंडाळायला हवी, म्हणजे ब्रश गोल बॅरलचाच पाहिजे.

गोलातही दोन प्रकार. एकातून गरम हवा येते. तो साधारण 1000 वॉटचा असतो आणि ओलसर केस वाळवता वाळवता फुगवतो. दुसऱ्याचं बॅरलच तापतं, हवा येत नाही. तू रात्री न्हातेस, सकाळी केस कोरडे असतात, म्हणून तुला हा दुसरा. पण एवढं मनात पक्कं ठेव, ओल्या केसांना तो लावायचा नाही. तापलेलं बॅरल टेकलं की केसातल्या पाण्याची वाफ होते, आत बुडबुडे धरतात आणि केस तिथेच तुटतो. ‘चर्र’ असा आवाज आला तर तिथल्या तिथे थांब. तेल लावलेल्या केसांनाही ब्रश नको. आधी धुऊन घे, पूर्ण वाळव, गुंता काढ आणि हीट प्रोटेक्टंटचा हलका हात फिरव.

बॅरलची जाडी खोक्यावर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. 25 मध्ये लाट राहत नाही, कुरळेपणा येतो. 38 मध्ये फार सैल लाट पडते, आणि तुझे केस बारीक, त्यात लांब. स्वतःच्या वजनानेच ती तासाभरात उतरेल. तू 32 घे. बॅरलवर सिरॅमिकचा थर असला तर चांगलं, उष्णता सगळीकडे सारखी पसरते. दाते मात्र हात लावून बघ. फार दाट असले की गुंडाळलेली बट सोडवताना जीव जातो. दात्यांची टोकं न तापणारी हवीत आणि वायर मुळाशी फिरती हवी, नाहीतर दर बटेला पीळ बसतो.

आता तापमान. 230 अंश असं मोठ्या अक्षरात छापलेलं बघून भुलू नकोस. तुझ्या रंगवलेल्या, बारीक केसांना 150-160 पुरे. आईसारखे दाट, राठ केस असते तर 180 म्हटलं असतं. 200 च्या वर कुणीच जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आकडा दाखवणारा आणि कमी-जास्त करता येणारा ब्रश घे. नुसतं चालू-बंद बटण असलेला स्वस्तात मिळाला तरी नको.

आणि खरी गंमत गरम करण्यात नाहीच, गार होऊ देण्यात आहे. केसातल्या केराटिनचे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि गार होताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओलसर केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या असतात ना, तिथेही हेच बंध काम करतात. फक्त उष्णतेऐवजी पाणी. तेव्हा दोन बोटं रुंद बट घे, आठ-दहा सेकंद गुंडाळून ठेव, ब्रश अलगद सोडव आणि त्या गरम बटेची गुंडाळी तशीच क्लिपेत अडकव. सगळं डोकं गार झाल्यावर बोटांनी मोकळं कर. फणी लगेच फिरवलीस तर सगळी मेहनत वाया.

वहिनीच्या मंगळागौरीला चिपळूणला लाटा सोडून जायचं म्हणतेस, तर आधीच सांगते. श्रावणातली कोकणातली हवा म्हणजे ओलावाच, आणि ओलाव्याने तेच बंध पुन्हा ढिले पडतात. तिथे ब्रश आणखी तापवून काही उपयोग नाही, केस मात्र जळतील. पुढच्या बटांना तेवढ्या लाटा कर, मागे आंबाडा घाल, त्यावर गजरा. रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळलीस तरी चेहऱ्याभोवतीचं रूप बऱ्यापैकी टिकेल, आणि नऊवारीवर ते मोकळ्या केसांपेक्षा जास्त शोभेल.

मावशी अमेरिकेतून आणते म्हणाली, तर तिच्याकडून आधी ब्रशच्या लेबलचा फोटो मागव. त्यावर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तरच आणायला सांग. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो लावताक्षणी जळू शकतो. आपण प्रवासाला नेतो तो ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. हवा फेकणारे बरेच ब्रश तिकडच्याच व्होल्टेजचे असतात, म्हणून मला वाटतं इथलाच घ्यावा. काही बिघडलं तर दुकान तरी जवळ. आपोआप बंद होणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त पडले तरी घे. सकाळच्या गडबडीत प्लग काढायचा राहून जातो आणि पलंगावरची चादर पेटायला वेळ लागत नाही.

ब्रश आणलास की एखाद्या सुट्टीच्या दिवशी इकडे ये. मागच्या बटा पहिल्यांदा एकटीला जमत नाहीत, मी धरून दाखवते. केस धुऊन ये, आणि चार-सहा मोठ्या क्लिपा बरोबर आण.