‘येत नाही’ आणि ‘येणार नाही’
(उपदेशक व अभ्यासवर्ग यांकरिता पाठ)

आपल्या खेड्यांतील अभ्यासवर्गांत दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. एक, “मला हे येत नाही.” दुसरे, “मला हे येणार नाही.” ऐकणाऱ्यास ती सारखीच वाटतात, व बोलणाऱ्यासही त्यांतील भेद बहुधा ठाऊक नसतो. परंतु पहिले वाक्य आजची हकीकत सांगते, तर दुसरे उद्याचे भाकीत करिते. हकीकत खरी असू शकेल. भाकिताला मात्र आधार पाहिजे, आणि तो आधार विचारणे हे तत्त्वज्ञानाचे काम होय.

तत्त्वज्ञान हा शब्द ऐकून कोणी बिचकू नये. मोठमोठे ग्रंथ पाठ करणे म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. आपल्या मनात जी मते घर करून बसली आहेत, त्यांस एकेक पुढे बोलावून, “तू कोठून आलेस, व तुला आधार काय?” असे विचारणे, हा त्याचा आरंभ आहे. हे कसे करावे, हे आज आपण एका फार जुन्या उदाहरणावरून पाहू.

१. मेनोची अडचण. ग्रीस देशातील अथेन्स नगरात सॉक्रेटीस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. इ. स. पूर्वी ३९९ या वर्षी, सुमारे ७० वर्षांचा असता, त्यास तेथील न्यायसभेने देहान्त शिक्षा दिली. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याचा शिष्य प्लेटो याने त्याच्या तोंडी घालून अनेक संवाद लिहिले. त्यांपैकी एकाचे नाव ‘मेनो’. मेनो हा थेसली प्रांतातील श्रीमंत तरुण होता. सद्गुण शिकविता येतो काय, असे त्याने विचारिले. सॉक्रेटीसाने उलट विचारिले की, सद्गुण म्हणजे काय? मेनोने दोनतीनदा उत्तर दिले, परंतु एकही टिकेना. तेव्हा तो त्रासून म्हणू लागला की, जी गोष्ट आपणांस ठाऊकच नाही ती शोधावी कशी? आणि सापडली तरी तीच ती, हे ओळखावे कशावरून?

वाचकहो, हे ‘येणार नाही’ असे म्हणणेच आहे. केवळ विद्वानाचा अंगरखा घालून आले आहे. यावरून दिसते की, हा रोग गरिबाच्याच घरी असतो असे नाही.

२. अंगणातील आकृती. सॉक्रेटीसाने वाद थांबविला व मेनोच्या चाकरांपैकी एका गुलाम पोरास जवळ बोलाविले. त्या पोरास भूमितीचा एक अक्षरही कोणी शिकविला नव्हता. सॉक्रेटीसाने एक चौरस काढिला. त्याची प्रत्येक बाजू २ फूट, म्हणून आतील जागा ४ चौरस फूट. मग त्याने विचारिले, याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस पाहिजे असल्यास बाजू किती घ्यावी? पोराने बेधडक सांगितले, बाजू दुप्पट करावी. परंतु ४ फुटांच्या बाजूने जागा १६ झाली. मग तो म्हणाला, ३ फूट. तेव्हा ९ झाली. शेवटी तो म्हणाला की, मला ठाऊक नाही.

येथे सॉक्रेटीसाने मेनोस थांबवून एक गोष्ट दाखविली. हा पोर आता पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे. कारण पूर्वी ठाऊक नसता ठाऊक आहे असे त्यास वाटत होते, आता तो आनंदाने शोध करील. मग २ फुटांचे चार चौरस एकमेकांस लावून प्रत्येकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरकी रेघ काढिली, अशी की चारही रेघा मिळून मध्ये एक नवा चौरस झाला. प्रत्येक चौरसाचा अर्धा भाग आत आला. ४ चा अर्धा २, आणि असे चार अर्धे मिळून ८. उत्तर पोराच्याच तोंडून निघाले. उपदेशक बंधूंनी ही आकृती काठीने अंगणात काढून दाखवावी. लहानथोर सर्वांस ती समजेल.

३. कोणी म्हणेल की, प्रश्न असे विचारिले की उत्तर त्यांतच होते. यात काही तथ्य आहे. तरी पोराने दोनदा चुकीचे उत्तर दिले, हे ध्यानात धरावे. जो केवळ दुसऱ्याची री ओढितो तो अशा चुका करीत नाही. त्या त्याच्या स्वतःच्या विचाराच्या होत्या, आणि त्या चुकीच्या कशा हेही त्याने स्वतःच पाहिले.

शिकणे म्हणजे जन्मापूर्वीच्या ज्ञानाचे स्मरण होय, असे या संवादात सांगितले आहे. ते मत आम्हांस मान्य नाही. परंतु सॉक्रेटीसही त्याविषयी फार हट्ट धरीत नाही. तो एवढ्याचसाठी झगडावयास तयार आहे की, जे ठाऊक नाही ते शोधिले पाहिजे असे मानणारा मनुष्य अधिक चांगला व धीट होतो, आणि शोध व्यर्थ असे मानणारा आळशी होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागते. त्या पोराचे नाव संवादात कोठेच नाही. तो आपल्या धन्याच्या घरीच जन्मला व वाढला. परंतु त्यास काय समजते हे त्या दिवसापर्यंत कोणी विचारिले नव्हते. उणीव पोरात नव्हती; विचारणारा मिळाला नव्हता.

४. आमची स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील रात्रीच्या वर्गात एक प्रौढ गृहस्थ दाराशी बसत. पाटी पुढे केली की म्हणत, “पाळकबुवा, आमच्या सात पिढ्यांत कोणी पाटी धरली नाही. मला काय येणार?” आम्ही दोनदा आग्रह केला आणि मग मनात म्हणालो, यांस येणार नाही. अशा रीतीने त्यांचे भाकीत आम्हीच पक्के केले. पुढे त्यांच्या लहान नातीने विचारिले, “आजोबा, तुम्ही जनावराचा माग ओळखता ना? मग हा ‘ग’ कोणाचा माग?” ते हसले, आणि पाटीवर वाकले. त्या वर्षाच्या अखेरीस ते बोट ठेवून सावकाश वाचू लागले. आम्हांस जे सुचले नाही ते त्या मुलीस सुचले, हे सांगावयास आम्हांस लाज वाटत नाही. न सांगण्याची वाटली असती.

५. सावधगिरी. सर्वांस सर्व काही येईल असे तत्त्वज्ञान सांगत नाही. तसेच, काही अडचणी मनातल्या नसून बाहेरच्या असतात. दिव्यात तेल नाही, दिवसभराच्या मजुरीने अंग मोडले आहे, सावकाराचा तगादा आहे, अशा मनुष्यास “हा सारा तुझ्या मनाचा खेळ” असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्यास आधी तेल द्यावे. बाहेरचा बांध कोणता व मनाने घातलेला कोणता, हे निवडणे, हीच विवेकाची परीक्षा.

६. अभ्यास. या आठवड्यात प्रत्येकाने आपले एक ‘येणार नाही’ निवडावे व त्यास तीन प्रश्न विचारावे:
(अ) हे मला प्रथम कोणी सांगितले, आणि त्याने मला पारखून पाहिले होते काय?
(आ) मी खरोखर किती वेळा प्रयत्न केला? चुकलो असल्यास कोठे चुकलो?
(इ) बाहेरचा अडथळा कोणता, आणि तो दूर करण्यास कोणाचे साहाय्य मागावे?

उपदेशकांनी याशिवाय चौथा प्रश्न स्वतःस विचारावा: माझ्या वर्गात असा कोण आहे की ज्याला मी अजून काहीच विचारिले नाही? येत्या बैठकीत त्याच्यापासूनच आरंभ करावा.