वल्ह्याचा सांधा अडकतो, काय करू?

प्रश्न : तारकर्लीच्या खाडीत कयाक चालवतो. दोन तुकड्यांचं वल्हं आता सुटतच नाही. सांध्याला ग्रीस लावू का?

उत्तर : ग्रीस किंवा तेल मुळीच लावू नका. त्याला वाळू चिकटते, आणि हे सांधे इतके नेमक्या मापाचे असतात की बारीक रेतीही पाचरीसारखी बसते. खरं कारण बहुधा मीठ आणि रेतीच असतं. नळी ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या पाण्याने तिच्यावर पांढरी बुकटी धरते. कार्बनची नळी ॲल्युमिनियमच्या सांध्यात बसत असेल तर हे गंजणं आणखी वेगाने होतं.

आधी सांधा गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, म्हणजे मीठ विरघळेल. मग दोघांनी समोरासमोर बसून, सांध्याजवळच धरून, बटण दाबून उलटसुलट पिळत ओढा. पात्याला धरून पिळू नका, ते तडकतं. तरीही हललं नाही, तर बाहेरच्या नळीवर हाताला सोसवेल इतकं गरम पाणी ओता आणि लगेच पुन्हा पिळा. ज्योत किंवा उकळतं पाणी नको, डिंक सुटतो.

सुटल्यावर दोन्ही टोकं जुन्या टूथब्रशने घासा. सँडपेपर नको, एकदा सांधा सैल झाला की वल्हं कायम खडखडतं. बटणाखालच्या स्प्रिंगमध्येही रेती शिरते, म्हणून ते पाण्याखाली पाच-सहा वेळा दाबा.

पुढे मात्र प्रत्येक फेरीनंतर किनाऱ्यावरच वल्हं सोडा, गोड्या पाण्याने धुवा, आणि तुकडे वेगवेगळेच वाळवून ठेवा. ओलं, जोडलेलं वल्हं गाडीच्या टपावर बांधून घरी नेऊ नका.