सतराचा रेशो म्हणजे सतरा किलो नव्हे

ट्रॅक्टरच्या पुस्तकात कॉम्प्रेशन रेशो 17:1 असा छापलेला असतो आणि गेजवर दाब किलोत दिसतो. या दोन आकड्यांची गल्लत फुलंब्रीत आमच्या ट्रॅक्टरला फार महागात पडली. मृग लागला, मका-कपाशीची पेरणी तोंडावर आली, आणि सकाळी इंजिन सेल्फवर उठेना. उठलं तर नुसता पांढरा धूर. मेकॅनिकने पहिल्या सिलिंडरला गेज लावला, 18 किलो आले. ‘सतराचं इंजिन अठरा दाखवतंय, कॉम्प्रेशन ओके,’ म्हणाला. मग नोझल बदलले, पंप उतरवला. धूर तसाच. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकावी लागली.

रेशो हा फक्त जागेचा हिशेब आहे. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा, तो वर आल्यावर कितव्या हिश्शावर येते, एवढंच तो सांगतो. पण हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं टोक तापतं तशी, आणि तापलेली हवा आणखी जोर करते. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर 17 पट दाबलेल्या हवेचा दाब पन्नास पटींवर, म्हणजे साधारण पन्नास किलोवर जाईल. सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, थोडी हवा निसटते, इनलेट व्हॉल्व्हही पिस्टन वर निघाल्यावर बंद होतो. एवढं वजा जाऊनही धडधाकट डिझेल इंजिन साधारण 25 ते 30 किलो दाखवतं. अठरा म्हणजे आजारी! एवढ्या दाबाने हवा पुरेशी तापत नाही, आणि न पेटलेलं डिझेलच पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं.

संभाजीनगरच्या दुसऱ्या कारागिराने तिन्ही सिलिंडर मोजले: 18, 27, 28. पहिल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर तो चढला असता. हेड उघडलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जळलेली. काम हेडपुरतंच निघालं.

म्हणून कळकळीने सांगतो, सगळे सिलिंडर मोजायला लावा. बॅटरी भरलेली, इंजिन गरम, एअर फिल्टर साफ, डिझेल बंद. अपेक्षित दाब सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, रेशोवरून काढू नका. पेट्रोल गाडीचा गेज लावू देऊ नका, त्याचा काटा बहुधा 20 किलोच्या आसपासच संपतो. ऑइल चमचाभरच, डिझेल इंजिनात वर जागा थोडी, जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि हेडला प्लेन मारायचं ठरलं तर व्हॉल्व्ह किती खोल बसलेत ते नंतर पुन्हा मोजून घ्या, नाहीतर ते पिस्टनला भिडतात.